पाचगणीतले पाच वादक

फ्रेडी मर्क्युरी हे नाव उच्चारताच ‘क्वीन’ हा वाद्यवृंद आणि १९८५ साली ‘लाइव्ह एड’च्या वेळी वेम्ब्ली स्टेडियमवर लोटलेला जनसमुदाय डोळ्यांपुढे उभा राहतो. या गायकाचा पहिला वाद्यवृंद मात्र सातारा जिल्ह्यातील पाचगणीत जन्माला आला आणि त्यात तो मुख्य गायक नव्हता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

फारोख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गुजरातेतले. वडील बोमी ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत होते. मुलाला उत्तम शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. घर इतके दूर, की सुट्टीतही अनेकदा मुंबईतील नातेवाइकांकडेच राहावे लागे. शाळासोबत्यांनी त्याला ‘फ्रेडी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले. त्याची संगीताची समज मुख्याध्यापकांनी हेरली, पालकांना तसे कळवले आणि पियानोचे रीतसर शिक्षण सुरू झाले.

१९५८ साली, बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. गायनाची धुरा ब्रूस मरेकडे होती. डेरिक ब्रांश गिटार, व्हिक्टरी राणा ड्रम्स, तर फरंग इराणी बास वाजवी. फ्रेडी पियानोवर बसे. एल्विस प्रिस्ले, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. एकदा ऐकलेली चाल पियानोवर जशीच्या तशी उमटवण्याची फ्रेडीची हातोटी हे या चमूचे मोठे बळ होते.

शाळा संपली आणि हा मेळ विखुरला. राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोहोचला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही झाला. ब्रांश ब्रिटनमध्ये अभिनेता बनला, इराणीने पुण्यात उपाहारगृह चालवले. फ्रेडी झांझिबारला परतला. पण १९६४च्या क्रांतीने बलसारा कुटुंबाला तेथूनही उठवले आणि त्यांनी इंग्लंड गाठले.

लंडनमध्ये ईलिंगच्या कलाशाळेत त्याने आरेखनाचे शिक्षण घेतले. १९६९मध्ये ‘आयबेक्स’, पुढच्या वर्षी ‘सावर मिल्क सी’ असे दोन वाद्यवृंद त्याने पालथे घातले. दोन्ही काही महिन्यांतच मोडले. आता तो पियानोमागे बसत नव्हता, समोर उभा राहून गात होता.  १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’मधून टिम स्टॅफेल बाहेर पडला आणि ती जागा फ्रेडीने घेतली. ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले, बोधचिन्ह त्यानेच रेखाटले आणि स्वतःचे आडनावही बदलले. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. हा मेळ मात्र फ्रेडीच्या अखेरपर्यंत फुटला नाही.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने त्याचे लंडनमध्ये निधन झाले. पाचगणीतील वर्षांविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. त्याचे अंत्यसंस्कार मात्र झरतुष्ट्री धर्मगुरूंनीच केले.