बावीस हजारांचा निधी आणि सोलापूरचा डॉक्टर

सोलापूर : भैय्या चौकातील कोटणीसांचे जुने घर आज स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. चीनमधून येणारी शिष्टमंडळे आवर्जून येथे येतात. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव चित्रपटामुळे घराघरात पोहोचले. परंतु त्यांना चीनला नेणाऱ्या लोकवर्गणीचा विसर मात्र बहुतेकांना पडला आहे.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. पुढील शिक्षणाची तयारी चालू असतानाच चीनची हाक कानी आली. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले होते. जखमी सैनिकांसाठी औषधे नव्हती, शल्यविशारद तर दुर्मीळच. सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जून १९३८ च्या अखेरीस देशाला आवाहन केले आणि जुलैमध्ये ठिकठिकाणी चीन दिन पाळून निधी गोळा करण्यात आला. जमले सुमारे २२ हजार रुपये. स्वतः पारतंत्र्यात व दारिद्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी झोळी फिरवावी, ही घटना तेव्हाही सामान्य नव्हती. या निधीतून रुग्णवाहिका व पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्याचे ठरले. स्पेनच्या यादवी युद्धात सेवा केलेले अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. चीनमध्ये पाचही जणांनी आपल्या नावापुढे चीनचे द्योतक असलेले ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीस के दिहुआ झाले. चोंगकिंग येथे असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परत फिरण्याची मुभा असूनही ते फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

पुढे एकेक सहकारी मायदेशी परतला. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या आघाडीवर, शत्रूच्या वेढ्यातील डोंगराळ गावांत गेले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. त्या मोहिमेत आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून जखमींवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या जंतुसंसर्गाने १९३९ मध्ये मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. चिनी भाषा शिकून ते तरुणांना वैद्यकाचे धडेही देत. बाहेरून गेलेली मदत एरवी साहित्य संपले की आटते. येथे मागे शिकलेली माणसे उरली.

रुग्णालयातील परिचारिका-शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे घेऊन त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. अतिश्रम व निकृष्ट अन्नाने खंगलेल्या कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. चित्रपटापलीकडचे दुःख मात्र पुढे घडायचे होते. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच यिनहुआ १९६७ मध्ये मृत्यू पावला. चिंगलान यांनी त्यानंतरही भारताशी नाते तोडले नाही. सोलापूरच्या घराचे स्मारक झाले त्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्या निवर्तल्या. कोटणीसांची समाधी हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत, बेथून यांच्या समाधीच्या सान्निध्यात आहे.