सिंहाच्या डोळ्यांतले अश्रू

बेलफास्ट शहरातील एका घरात १९०८ च्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा आई बरी व्हावी म्हणून देवाची करुणा भाकत होता. कर्करोगाने ग्रासलेली आई वाचली नाही. काही आठवड्यांतच मुलाची रवानगी इंग्लंडमधील निवासी शाळेत झाली. पुढे 'नार्निया'च्या अद्भुतकथांनी जगभरातील बालवाचकांना वेड लावणारे क्लाइव्ह स्टेपल्स लुईस ते हेच.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ चा. वडील सॉलिसिटर, घर पुस्तकांनी भरलेले. थोरला भाऊ वॉरन याच्यासह त्यांनी लहानपणीच बोलक्या प्राण्यांचे एक काल्पनिक राज्य उभारले होते. आईच्या मृत्यूनंतर मात्र घराचे स्थैर्य हरपले आणि किशोरवयातच ते नास्तिक झाले. पहिल्या महायुद्धात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते फ्रान्समधील आघाडीवर गेले आणि १९१८ मध्ये जखमी होऊन परतले.

१९२५ पासून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. तेथे जे. आर. आर. टॉल्किन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. पुराणकथांवर दोघांचेही प्रेम होते. पण लुईस त्यांना सुंदर असत्य मानीत. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी दीर्घ चर्चा झाली. ख्रिस्ताची कथा ही इतर पुराणकथांसारखीच मनाला भिडणारी, परंतु प्रत्यक्षात घडलेली कथा आहे, हा विचार त्यांच्या मनात रुजला आणि काही दिवसांतच त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवरून त्यांनी दिलेली ख्रिस्ती धर्मविषयक व्याख्याने घरोघरी ऐकली गेली.

१९५० ते १९५६ या काळात नार्नियाची सात पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्या कथेत अस्लान हा सिंह एका फितूर मुलाच्या बदल्यात स्वतःचे प्राण देतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. क्रूसावरील बलिदानाशी असलेले साम्य उघड आहे. तरीही धर्मोपदेशासाठी कथा रचल्याचा आरोप लुईस यांना मान्य नव्हता. बर्फाळ वनात छत्री घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा फॉन त्यांना सोळाव्या वर्षापासून मनात दिसत होता. ख्रिस्ती आशय मागाहून आला. टॉल्किन यांना मात्र ही पुस्तके रुचली नाहीत, आणि पुढे फिलिप पुलमन यांच्यासारख्या लेखकांनी त्यांतील धर्मविचारावर कठोर टीका केली.

या टीकेत नार्नियातील एक प्रसंग विसरता येत नाही. १९५५ च्या 'द मॅजिशियन्स नेव्ह्यू'मध्ये डिगरी हा मुलगा आजारी आईसाठी अस्लानकडे याचना करतो. सिंह लगेच वचन देत नाही, मात्र त्याच्या डोळ्यांत अश्रू तरळतात. आईसाठी फळ चोरून नेण्याचा मोह डिगरी टाळतो. अखेर अस्लानच ते त्याला देतो आणि आई बरी होते. बेलफास्टमधील मुलाला जे लाभले नाही, ते लेखकाने या मुलाच्या पदरात टाकले.

लुईस यांच्या वाट्याला मात्र तेच दुःख पुन्हा आले. १९५६ मध्ये त्यांनी अमेरिकन लेखिका जॉय डेव्हिडमन यांच्याशी विवाह केला. १९६० मध्ये जॉयही कर्करोगाने गेल्या. मागे दोन मुलगे उरले, जसे १९०८ मध्ये दोन भाऊ उरले होते. त्या दुःखात देवालाच जाब विचारणारी टिपणे त्यांनी लिहिली आणि १९६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केली. संशय त्यांनी लपवला नाही, श्रद्धाही सोडली नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस यांचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि त्या बातमीपुढे लुईस यांच्या निधनाची वार्ता झाकोळून गेली. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबेतील कवींच्या कोपऱ्यात त्यांची स्मृतिशिला बसविण्यात आली. मुलांच्या हाती मात्र नार्नियाची पुस्तके मधल्या काळातही कायम होती.