पंडिता रमाबाईंच्या कानाची गोष्ट

पंडिता रमाबाई म्हटलं की शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन आणि धर्मांतरावरून उठलेला गदारोळ आठवतो. त्या विलायतेला निघाल्या होत्या डॉक्टर व्हायला, आणि कमी ऐकू येतं म्हणून ते राहून गेलं. ही गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. मी डॉक्टर असल्यामुळे असेल, पण दरवेळी त्याच ओळीवर अडकतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल पंडितांसमोर जाब द्यावा लागला होता. पुढे त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं. दिवसभर घरकाम असायचं, म्हणून शिकवणी पहाटे, उजाडायच्या आत. आई सांगायची आणि मुलगी म्हणायची. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते असं सांगतात. कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करायचं, आणि वाटेत कानावर पडतील त्या भाषा ही मुलगी उचलायची. मराठी, कानडी, हिंदी आणि पुढे बंगालीही. म्हणजे तिची शाळा जवळजवळ सगळी कानाची.

मग दुष्काळ आला. उपासमार आणि आजारात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी देशभर पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये मेधावी पटकीने गेले. तान्ही लेक घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तेव्हा त्यांचं वय होतं २४.

त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं. त्याच्यासमोर रमाबाईंनी साक्ष दिली आणि त्यात स्त्री डॉक्टर तयार करा ही मागणी केली. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवत नाहीत आणि घरातच मरतात, हे त्यांनी गावोगाव पाहिलं होतं. मागणी करून त्या थांबल्या नाहीत, स्वतःच शिकायचं ठरवलं. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लावला आणि १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या.

तिथे कानांनी वाट अडवली. ऐकू येणं कमी कमी होत चाललं होतं आणि त्या कारणाने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला.

यात कॉलेजांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण तो काळ पाहा. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. ईसीजी त्याच्याही नंतरचा. छातीत काय चाललंय हे कळायला डॉक्टरकडे बोटं आणि कान एवढंच होतं. फुफ्फुसातली बारीक चरचर किंवा हृदयाच्या झडपेची कुजबुज स्टेथोस्कोपमधून ज्याला ऐकू येत नाही त्याला शिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्यापुढे खरा होता. मदतीला फार तर कानाला लावायचा कर्णा होता. विजेवर चालणारी पहिली श्रवणयंत्रं आली शतक संपता संपता, तीही टेबलावर मांडावी लागतील एवढी मोठी.

रमाबाईंच्या कानाला नेमकं काय झालं होतं याचा तर्क करण्याचा मोह मी आवरतो. तिशीच्या आतली बाई, दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येतंय, अशी तक्रार घेऊन आज आली तर आम्ही काय पाहू, एवढं मात्र सांगता येईल. आधी कानात मळ साठलाय का ते पाहायचं. मग पडदा फाटलाय का. लहानपणापासून कान वाहत असेल तर तिथे भोक असतं आणि ते शस्त्रक्रियेने बुजवता येतं. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत, त्यातलं शेवटचं हाड घट्ट बसून हलेनासं होतं. हा आजार तरुण बायकांत बराच दिसतो, आणि तेही हाड बदलता येतं. हे सगळं ठीक असेल तर दोष आतल्या कानाचा. तिथे जन्मतः सुमारे १५,००० केसपेशी असतात. वय, मोठा आवाज, टीबीच्या काही इंजेक्शनांसारखी औषधं यांनी त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तिथे उपाय यंत्राचा. यातलं काय आहे ते सांगणारी तपासणी अर्ध्या तासाची असते, सुई नाही की दुखणं नाही.

रमाबाईंना हे काही मिळालं नाही. त्यांनी चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिक्षण घेतलं आणि तिथे संस्कृत शिकवलंही. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा तो समारंभ पाहायला रमाबाई मुद्दाम अटलांटिक ओलांडून गेल्या. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसरीला मिळताना पाहायला इतक्या लांब जाणं सोपं नसतं. आनंदीबाई वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने गेल्या. रमाबाई अमेरिकेतच राहिल्या, व्याख्यानं देत हिंडल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. शारदा सदन मुंबईत सुरू झालं ते ११ मार्च १८८९ ला. तारीख तीच, हा योगायोग असेलही.

व्यासपीठावरून बोलायला कान फारसा लागत नाही. खरी अडचण येते समोरासमोरच्या गप्पांत, त्यातही चारजण एकदम बोलत असले की. हे माझं पेशंट पाहून झालेलं मत, रमाबाईंबद्दलची माहिती नव्हे. पण त्यांची पुढची मोठी कामं पाहिली तर त्यात कागद फार आहे. केडगावच्या माळावर त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ २,००० जणी होत्या. तिथे छापखाना घातला आणि खिळे जुळवायला मुलीच शिकल्या. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. स्वतः रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, आणि अखेरपर्यंत त्याची मुद्रितं तपासली. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. मराठी बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं.

नातेपुत्यात आमच्या सरकारी दवाखान्यात मागे एक आजी आल्या होत्या, बीपीच्या गोळ्यांसाठी. सुनेची तक्रार अशी की आजी हल्ली मुद्दाम उत्तर देत नाहीत, हवं तेवढंच ऐकतात. आजींचं म्हणणं, आवाज येतो पण सगळे पुटपुटतात. दोघीही खरं बोलत होत्या. वयाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, त, फ ही अक्षरं पुसट होतात. म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. जाडा आवाज ऐकू येतो, म्हणून मुलाचं कळतं आणि सुनेचं नाही. घरच्यांना वाटतं ढोंग करतात. आजींनी पाच-सहा वर्षं देवळातल्या बायकांत बसणंही सोडलं होतं, आणि कानात गरम तेल घालणं चालू होतं. तेल घालू नका, काडीही नको. आणि ओरडू नका. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. एका-दोन दिवसांत अचानक एक कान बंद पडला तर मळ समजून बसू नका. तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडे जा. औषध वेळेत मिळालं तर ऐकू येणं परत येऊ शकतं, महिन्याने आलात तर आम्ही फारसं काही करू शकत नाही.

जगात सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार लागेल इतकं कमी ऐकू येतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २००६-०७ पासून बहिरेपणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. शाळेत मुलांची तपासणी होते. आणि निकषात बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून श्रवणयंत्र मोफत मिळतं. आमच्या तालुक्यातून त्यासाठी सोलापूरच्या सिव्हिलला पाठवावं लागतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही एक सांगायचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे दोघेही येतात, आणि सरकारी उच्च शिक्षणात पात्र दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. केवळ अपंगत्वाची टक्केवारी पाहून मेडिकलचा प्रवेश नाकारता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते पाहा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. आवाज वाढवून देणारे स्टेथोस्कोप आता मिळतात, हृदयाचा आवाज पडद्यावर उमटवणारेही.

आजी दोन महिन्यांनी यंत्र लावून आल्या. पहिली तक्रार होती की भांडी फार वाजतात. हे सगळ्यांचंच होतं, कानाला इतक्या वर्षांत सवय राहिलेली नसते. रोज थोडा थोडा वेळ वाढवत लावा म्हटलं. सेल कुठे मिळतो ते सुनेने विचारून घेतलं. बीपी तेव्हा थोडं चढलेलंच होतं.