बालहक्कांचे उद्गाते डॉ. यानुश कोर्चाक

अनाथ बालकास अन्न, वस्त्र आणि निवारा दिला की समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र दृढ होती. अनाथाला दयेइतकीच आदराचीही गरज असते, हे स्वतःच्या आचरणाने दाखवून देणारे महापुरुष म्हणजे पोलंडचे डॉ. यानुश कोर्चाक.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सातील एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात १८७८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वकिली करणाऱ्या वडिलांना मनोविकाराने ग्रासले आणि १८९६ मध्ये ते निवर्तले. विद्यार्थिदशेतच शिकवण्या करून हेन्रिक यांना संसाराला हातभार लावावा लागला. पुढे लेखनासाठी घेतलेले कोर्चाक हे टोपणनावच रूढ झाले. १९०५ साली वैद्यकीय पदवी मिळवून ते बालरुग्णालयात रुजू झाले. परंतु बरे झालेले मूल पुन्हा त्याच उपासमारीच्या वस्तीत परतते, हे पाहून केवळ औषधोपचारावर त्यांचे समाधान होईना.

१९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांचे गृह उभे राहिले. स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्या साहाय्याने कोर्चाक यांनी त्याचा कारभार हाती घेतला. हे गृह जणू त्यांची प्रयोगशाळाच होती. मुलांचे वजन व उंची ते नियमाने मोजत, त्यांच्या वागणुकीची बारकाईने टिपणे ठेवत आणि पुस्तकी सिद्धान्तापेक्षा या निरीक्षणांवर विसंबत. मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत आणि तेथील संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. स्वतः कोर्चाकही आरोपी म्हणून त्या न्यायालयापुढे उभे राहिले. हा प्रयोग निर्वेध चालला नाही. एकदा न्यायालय काही काळ बंद ठेवावे लागले. परंतु नियमांत सुधारणा करून त्यांनी ते पुन्हा सुरू केले. १९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले आणि १९२९ मध्ये बालकाच्या आदराच्या अधिकारावर ग्रंथ लिहिला.

१९४० साली नाझी राजवटीने हे गृह वॉर्साच्या कोंडवाड्यात हलविण्यास भाग पाडले. भूक आणि रोगराई यांच्याशी झगडत, दारोदार फिरून कोर्चाक मुलांसाठी अन्न मिळवीत. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवीन्द्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. आप्ताच्या घरी वाढणारा, आजाराने खोलीत अडकलेला आणि राजाच्या पत्राची वाट पाहत शांतपणे डोळे मिटणारा अमल त्या मुलांना परका नव्हता. अवघ्या काही दिवसांत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाक यांना सुटकेचे मार्ग सुचविले गेले होते. ते त्यांनी नाकारले. विल्चिन्स्का व अन्य सहकाऱ्यांसह ते मुलांबरोबर गेले आणि कोणीही परतले नाही.

पोलंडनेच १९७८ मध्ये बालहक्क कराराचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो करार संमत झाला आणि १९९२ मध्ये भारतानेही तो स्वीकारला. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व त्यात आले आहे. क्रोखमाल्ना रस्त्यावरील त्या गृहात ते तत्त्व कित्येक वर्षे आधीच रोजच्या व्यवहारात उतरले होते.