यंत्रास संयम शिकविणारे विल्हेल्म मायबाख

मोटारसायकलीची मूठ हलक्या हाताने पिळावी आणि गाडीने गचका न देता, शिकविलेल्या घोड्याप्रमाणे, हळूहळू वेग घ्यावा, ही गोष्ट आज आपणांस अगदी साधी वाटते. परंतु हा साधेपणा यंत्राच्या अंगी उपजत नव्हता. तो आणण्यासाठी एका अनाथ मुलाने आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. त्या विल्हेल्म मायबाख यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

विल्हेल्मचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्याची आई वारली आणि दहाव्या वर्षी पितृछत्रही हरपले. तेव्हा रॉइटलिंगेन येथील 'ब्रूडरहाउस' या संस्थेने त्याला आश्रय दिला. गुस्टाफ व्हेर्नर या धर्मोपदेशकाने निराधारांसाठी ती काढली होती. तेथे पुस्तकी शिक्षणाबरोबर हातांनाही शिक्षण मिळे. विल्हेल्म पंधराव्या वर्षापासून यंत्रांचे आराखडे काढण्यास शिकू लागला. पुढे त्या संस्थेच्या कारखान्याचे प्रमुख गॉटलीब डाइमलर यांची दृष्टी या होतकरू तरुणावर पडली आणि दोघांचा जन्माचा स्नेह जुळला. डाइमलर जेथे गेले, तेथे मायबाख गेले. कोलोनजवळील डॉइट्झच्या कारखान्यात १८७६ साली ऑटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध झाले, तेव्हा हे दोघेही तेथेच होते.

१८८२ साली डाइमलर कान्स्टाट येथे राहावयास आले. त्यांच्या बागेतील एका लहानशा घरात दोघे कामास लागले. रस्त्यावर धावेल असे हलके, जलद फिरणारे इंजिन त्यांना हवे होते. १८८५ साली त्यांनी असे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविले. ते जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे होते आणि गाडीचा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर होता. तोल राहावा म्हणून बाजूंना दोन लहान चाके लाविली होती. हीच पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल, असे सामान्यतः मानले जाते.

गाडी धावली खरी. पण तिचे इंजिन हाताच्या इशाऱ्यानुसार चालणारे नव्हते. त्या काळच्या कार्ब्युरेटरात हवा पेट्रोलमधून वा त्याच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि वाटेत जेवढी वाफ मिळेल तेवढी ती घेऊन जाई. हवामान थंड असले, रस्त्यात धक्का बसला किंवा पेट्रोलचा हलका भाग आधी उडून गेला की मिश्रण बदले. वास्तविक, वजनाने सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण बिघडले की इंजिन अडखळते. तेव्हा मायबाख यांच्यापुढचा प्रश्न केवळ शक्तीचा नव्हता, प्रमाणाचा होता.

१८९० साली डाइमलर यांची कंपनी स्थापन झाली. तेथील अटी न पटल्याने मायबाख पुढच्याच वर्षी बाहेर पडले. डाइमलर यांच्या पाठबळाने हॉटेल हर्मानच्या दालनात त्यांनी कारखाना थाटला. तेथेच १८९३ साली त्यांचा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध झाला. त्याची युक्ती पाहा. एका लहान भांड्यातील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी कायम राखतो. शेजारच्या बारीक नळीच्या तोंडाशी पेट्रोल उभे असते. इंजिन श्वास घेते, तशी जाणारी हवा आपल्याबरोबर पेट्रोलचा बारीक फवारा ओढून नेते. श्वास मोठा तर फवारा मोठा. श्वास लहान तर फवाराही लहान!

या युक्तीत एक उणीव राहिली. मूठ एकदम पिळली की हलकी हवा आधी धावते व जड पेट्रोल मागे राहते. इंजिन क्षणभर दबते आणि मग गचका देते. पुढील यंत्रज्ञांनी निमुळती सुई, मंद गतीसाठी वेगळे पायलट जेट, आणि हवेच्या ओढीनेच हळूहळू वर सरकणारा दट्ट्या, असे उपाय योजिले. कार्ब्युरेटरच्या वेगवान मोटारसायकलीवर बसणाऱ्यास हे आजही ठाऊक असावे लागते. अशी गाडी गचके देऊ लागली की प्रथम चेन सैल आहे काय ते पाहावे. मग मुठीच्या केबलचा ढिलेपणा दोन-तीन मिलिमीटरांवर आणावा. पायलट जेट स्वच्छ करावे व त्याचे मिश्रण जुळवावे. कार्ब्युरेटर अनेक असतील तर ते सर्व एकाच मापाने उघडतात अशी व्यवस्था करावी. त्यानंतरच दोष चालविणाऱ्याच्या मनगटास द्यावा. २०२० पासून भारतातील बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा विद्युत्-नियंत्रित इंधन-फवारणीने घेतली आहे. परंतु हवा व पेट्रोल यांचे प्रमाण राखण्याचे मूळ काम तेच आहे.

१८९५ साली मायबाख सन्मानाने कंपनीत परतले. ६ मार्च १९०० रोजी डाइमलर निवर्तले. त्याच वर्षाअखेर मायबाख यांनी एमिल येलिनेक यांच्यासाठी ३५ अश्वशक्तीची गाडी सिद्ध केली. तिला येलिनेक यांच्या कन्येचे 'मर्सिडीज' हे नाव मिळाले. तिच्या इंजिनाचे फेरे चालविणाऱ्यास मिनिटाला ३०० पासून १००० पर्यंत स्वेच्छेने कमीजास्त करता येत. १८८५ साली जे साधले नव्हते, ते पंधरा वर्षांनी साधले! फ्रेंच लोकांनी त्यांस यंत्रयोजकांचा राजा म्हणून गौरविले. पण मित्राच्या पश्चात कंपनीत त्यांचे मन रमले नाही; १९०७ साली त्यांनी ती सोडली. पुढे पुत्र कार्ल याच्यासह त्यांनी झेपेलिन वायुनौकांच्या इंजिनांचे कार्य उभे केले. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचा देहान्त झाला. कान्स्टाटच्या स्मशानभूमीत ते डाइमलर यांच्याजवळच विसावले आहेत.

शक्ती निर्माण करणारे पुष्कळ झाले. परंतु शक्तीला प्रमाणाची शिस्त लावणारे विरळा. ज्याला आईबापांचा हात धरून चालण्याचे सुख फार काळ लाभले नाही, त्याने यंत्राला मात्र माणसाच्या हाताचे ऐकावयास शिकविले. आमच्या विद्यार्थिमित्रांनी आपल्या उत्साहालाही अशीच शिस्त लावावी, एवढीच आमची इच्छा आहे.