सर रॉबर्ट पील

पावाच्या किमतीपायी राजकीय पक्ष दुभंगावा, ही गोष्ट घरखर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या भगिनींना समजावून सांगायला नको. इंग्लंडात १८४६ साली हे घडले, आणि ते घडविणारे सर रॉबर्ट पील त्या पक्षाचेच नेते होते.

पील यांचा जन्म १७८८ चा. वडील कापडगिरणीचे धनी. मुलगा एकविसाव्या वर्षी पार्लमेंटात गेला. लंडनच्या पोलिसाला आजही ‘बॉबी’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. ते दल त्यांनी १८२९ साली उभारले. त्याच वर्षी, ज्या कॅथलिकांच्या हक्कांना त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता, ते देण्याचे बिल त्यांनीच मांडले. आयर्लंडात यादवी माजेल असे त्यांना दिसू लागले होते. ऑक्सफर्डची जागा मात्र हातची गेली.

१८३२ च्या मताधिकार-सुधारणेलाही त्यांचा विरोधच होता. पण १८३४ साली टॅमवर्थच्या मतदारांपुढे त्यांनी जाहीर केले की झालेली सुधारणा आता मोडायची नाही. चांगले ते राखावे, खरा दोष दिसेल तेथे दुरुस्ती करावी. जुन्या वाड्याचा किडलेला वासा बदलावा, पण वाडा पाडू नये, असा हा विचार. हुजूर पक्षाला नवे रूप आले ते येथून.

१८४१ साली ते दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले. स्त्रियांना खाणीत उतरविण्याची बंदी १८४२ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाली. गिरणीतील कामाचे तास दहावर आणण्यास मात्र त्यांनी विरोध केला, हे आम्हा बायकांना विसरता येत नाही.

खरी कसोटी पुढेच होती. परदेशी धान्यावर जबर जकात बसविणारे कायदे जमीनदारांच्या हिताचे होते, आणि ते राखण्यासाठीच हुजूर पक्षाला मते मिळाली होती. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले. पील यांनी अमेरिकेतून मका मागविला आणि कायदेच रद्द करायला घेतले. त्यांच्या पक्षाचे दोन तृतीयांश सभासद उलटले. डिझरायलींनी त्यांना विश्वासघातकी ठरविले. आणि मतदारांना दिलेला शब्द मोडला होता हे नाकारता यायचे नाही. बिल विरोधी पक्षाच्या मतांवर तरले. २५ जूनला उमरावांच्या सभेत ते मंजूर झाले, आणि त्याच रात्री दुसऱ्या एका बिलावर रुष्ट स्वपक्षीयांनी पील यांना पाडले. आयर्लंडचा दुष्काळ त्याने हटला नाही. सुमारे दहा लाख माणसे दगावली. हुजूर पक्षाला पुन्हा स्वतःचे बहुमत मिळायला १८७४ साल उजाडले, तेही डिझरायलींच्या हाताखाली. त्याआधी १८६७ साली त्याच डिझरायलींनी मताधिकार आणखी वाढविला होता!

१८५० च्या जूनअखेरीस पील घोड्यावरून पडले आणि २ जुलैला वारले. पत्नी ज्यूलिया यांना सरकारने उमरावपद देऊ केले. आपल्या सेवेबद्दल घरच्या कोणी मानमरातब घेऊ नये, अशी पतीची इच्छा होती. बाईंनी ते पद नाकारले.