ब्लफचं गणित: जॉन व्हॉन न्यूमन आणि पोकरमधला पीएफआर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला व्हॉन न्यूमन मला पहिल्यांदा भेटला, तो एका आकृतीत. मेमरी, कंट्रोल युनिट, एएलयू, इनपुट, आउटपुट आणि मध्ये बाण. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आकृती नीट काढली, मार्क मिळाले, माणूस विसरून गेलो.

दुसऱ्यांदा भेटला तो पोकरमुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा रूममेट रात्री लॅपटॉपवर खोट्या चिप्सचं पोकर खेळायचा. त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली बारीक आकडे असायचे: 24/19, 40/5, असे. मला वाटलं स्कोअर असेल. तो म्हणाला, स्कोअर नाही रे, हे त्या माणसाचं रक्त तपासून आलेलं रिपोर्ट आहे. ते आकडे समजून घेता घेता मी पुन्हा त्याच आकृतीवाल्या माणसापाशी येऊन पोचलो. म्हणून आज आकडे आणि माणूस, दोन्ही एकदमच सांगतो.

आधी आकडे. टेक्सस होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर तीन पानं एकदम उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. फ्लॉपच्या आधी पैजेची एक फेरी होते. पहिला आकडा व्हीपीआयपी: शंभर डावांत किती वेळा या माणसाने या फेरीत स्वतःहून पैसे टाकले. सक्तीचे ब्लाइंड यात धरत नाहीत. दुसरा पीएफआर, म्हणजे प्री-फ्लॉप रेझ: त्यातल्या किती वेळा त्याने नुसतं कॉल न करता पैज वाढवली. त्यामुळे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा कधीच नसतो. दिवाळीत तीन पत्ती खेळला असाल तर पटकन कळेल. सतत चाल मिळवत बसणारे काका वेगळे आणि चाल दुप्पट करणारी आत्या वेगळी.

आता प्रश्न असा की चांगली पानं आली की रेझ करायचं आणि वाईट आली की पॅक, एवढं सोपं असताना एखाद्याने किती टक्के वेळा रेझ करावं याला काही बरोबर उत्तर असू शकतं का? हा प्रश्न गणिताचा आहे हे ज्यांनी ओळखलं, त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नाव न्यूमनचं.

बँकरचा मुलगा

जन्म 28 डिसेंबर 1903, बुडापेस्ट. घरचं नाव यानोश. वडील बँकर, घर श्रीमंत ज्यू. मुलगा गणितात इतका पुढे की शाळेने त्याची वेगळी शिकवणी लावली. पण वडिलांना काळजी एकच: गणितात पैसा नाही. त्यांनी थिओडोर फॉन कारमान या नामवंत इंजिनिअरला गाठून, मुलाची समजूत काढा म्हणून सांगितलं. तडजोड झाली केमिकल इंजिनिअरिंगवर. (हे वाचताना आपल्याकडच्या अर्ध्या वर्गाला स्वतःचं घर आठवेल.) पोरानं झुरिकच्या ईटीएचमधून इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि त्याच वर्षी, 1926 मध्ये, बुडापेस्टहून गणितात डॉक्टरेटही.

1928 मध्ये त्याने पार्लरमधल्या खेळांवर जर्मनमध्ये एक पेपर छापला. वय 24. त्यात मिनिमॅक्स प्रमेय सिद्ध केलेलं आहे. साध्या भाषेत: दोघांच्या ज्या खेळात एकाचा फायदा म्हणजे बरोबर तेवढाच दुसऱ्याचा तोटा असतो, तिथे प्रत्येकाकडे एक अशी खेळण्याची पद्धत असते की समोरच्याला ती आधीच कळली तरी तो तुमचं आणखी नुकसान करू शकत नाही. गंमत अशी की ही पद्धत बऱ्याचदा 'अमुक वेळी हेच करा' अशी नसतेच. ती 'इतके टक्के वेळा हे, इतके टक्के वेळा ते' अशी असते. पीएफआरसारख्या टक्केवारीला अर्थ येतो तो इथून.

त्याच्या आधी एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने अशा खेळांवर लिहिलं होतं. पण सर्वसाधारण सिद्धता न्यूमनची.

वाईट पानांवर पैज का लावायची

1930 पासून तो अमेरिकेत प्रिन्स्टनला येऊ-जाऊ लागला आणि 1933 मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाला. तिथेच ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं, 1944 मध्ये आलं. त्यात पोकर आणि ब्लफवर स्वतंत्र विभाग आहे. त्या मॉडेलचं नेहमी शिकवलं जाणारं रूप मी एका रविवारी कागदावर सोडवून पाहिलं. कॅल्क्युलेटरही लागत नाही.

खेळाडू दोन. प्रत्येकाचा एक रुपया पॉटमध्ये, म्हणजे पॉट 2 रुपये. पत्त्यांऐवजी प्रत्येकाला 0 ते 1 मधला एक आकडा मिळतो, मोठा जिंकतो. पहिल्याने एकतर चेक करायचं, मग लगेच आकडे उघडायचे. किंवा 2 रुपयांची पैज लावायची. पैज लावली तर दुसरा फोल्ड करेल नाहीतर कॉल.

उत्तर असं येतं. सगळ्या आकड्यांचे नऊ सारखे भाग करा. वरच्या दोन भागांतला आकडा आला तर पहिल्याने पैज लावावी. मधल्या सहा भागांवर चेक. आणि सगळ्यात खालच्या एका भागावर पुन्हा पैज! दुसऱ्याने वरच्या चार भागांवर कॉल करावं, बाकी सोडावं.

पहिल्यांदा मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. मधल्या, बऱ्यापैकी पानांवर गप्प बसायचं आणि कचरा पानांवर पैज? पण बघा. मधलं पान शो झाला तर काही वेळा फुकटात जिंकतं, ते धोक्यात कशाला घाला. कचरा पान शोमध्ये जवळपास हरणारच, त्याला जिंकायचा मार्ग एकच, समोरचा पळाला पाहिजे. आणि प्रमाण किती? दर तीन पैजांत दोन खऱ्या, एक खोटी. दुसऱ्याला कॉल करायला 2 रुपये लागतात, जिंकला तर 4 मिळतात. तीनदा कॉल केला तर दोनदा 2-2 रुपये गेले, एकदा 4 आले. हिशोब शून्य. त्याने कॉल करो की न करो, ब्लफ पकडून त्याला कमाई नाही. ब्लफ यापेक्षा कमी केले तर तो फोल्ड करत सुटेल आणि तुमच्या चांगल्या पानांना पैसे मिळणार नाहीत. जास्त केले तर तो कॉल करत सुटेल.

म्हणजे ब्लफ हा छातीठोकपणाचा किंवा चेहरा दगडासारखा ठेवण्याचा विषय राहिला नाही. चांगल्या पानांना किंमत मिळावी म्हणून भरायचा तो खर्च झाला. या छोट्या खेळात पहिल्या खेळाडूचा 'पीएफआर' 33 टक्के, आणि त्यातला एक तृतीयांश खोटा.

आता रूममेटच्या स्क्रीनवर परत या. 40/5 वाला माणूस. होल्डेममध्ये दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात, त्याच्या 5 टक्के म्हणजे साधारण 66. एक्क्यांच्या जोडीपासून नव्व्यांच्या जोडीपर्यंत 36 झाल्या, एक्का-राजाच्या 16, उरल्या 14. बस, संपलं. हा रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे काय आहे हे तुम्हाला जवळजवळ दिसतं. बाकीच्यांनी निवांत फोल्ड करायचं. त्याच्या एक्क्यांना कुणी पैसेच देत नाही, आणि उरलेल्या 35 टक्के डावांत तो नुसता कॉल करत चिप्स घालवतो. 24/19 वाल्याचं तसं नाही. त्याचा रेझ खूप काही असू शकतो, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड. पण 24/19 हा आकडा पाठ करून काही होत नाही. समोरचा संतुलनापासून जिथे ढळलाय तिथेच त्याचा आकडा तुमच्या कामाचा.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात, मीही फसलो. एक, 25 डाव बघून मत बनवणं. खरा पीएफआर 20 असलेल्या माणसाचा आकडा 25 डावांत सहज 12 किंवा 28 दिसू शकतो. 400 डावांनंतर ही चूक साधारण 2 टक्क्यांवर येते. दुसरं म्हणजे जागा. सरासरी 20 वाला माणूस पहिल्या जागेवरून 12 आणि सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या बटनच्या जागेवरून 40 असू शकतो. सरासरीकडे बघून बसलात तर दोन्हीकडे चुकाल. आणि न्यूमनचं मॉडेल जसंच्या तसं उचलून दुरी-सत्तीवर रेझ करू नका. तिथे पान बदलत नाही, इथे अजून पाच पानं यायची असतात. म्हणून ब्लफसाठी एकाच रंगाचा एक्का आणि छोटं पान असलं काहीतरी निवडतात, ज्याचं पुढे काही होऊ शकतं.

खऱ्या पैशाचं विचाराल तर आपल्याकडे 2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंदच केलेत. आणि तसंही जिथे टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून कमिशन कापतो, तिथे बेरीज शून्य राहत नाही, सगळ्यांची मिळून उणे होते.

स्वतः मात्र साधारण खेळाडू

एवढं करून न्यूमन पोकरमध्ये कसा होता? बेताचाच. लॉस अलामॉसला सहकाऱ्यांबरोबर खेळायचा. निकोलस मेट्रोपोलिसने एकदा त्याच्याकडून 10 डॉलर जिंकले, 5 डॉलरमध्ये त्याचंच खेळांवरचं पुस्तक विकत घेतलं आणि उरलेली 5 डॉलरची नोट पुस्तकाच्या आत चिकटवून टाकली. मला ही गोष्ट फार आवडते. त्याची दुसरी बायको क्लारा त्याला माँटे कार्लोच्या कॅसिनोत भेटली, तेव्हा तो रुलेट जिंकायची पद्धत कागदावर घेऊन बसला होता. पद्धत चालली नाही, आणि तिच्या आठवणींप्रमाणे ड्रिंकचे पैसे तिलाच द्यावे लागले. हीच क्लारा पुढे एनिॲकवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक झाली. ते प्रोग्रॅम ज्या पद्धतीचे होते तिचं नावही माँटे कार्लोच. स्टॅनिस्लाव उलामला ती आजारपणात पेशन्सचे डाव मांडताना सुचली होती.

माझी ती आकृती 1945 च्या एडव्हॅक रिपोर्टमधून येते. रिपोर्टवर नाव एकट्या न्यूमनचं, आणि मशीनवर राबणाऱ्या एकर्ट आणि मॉचलीला हे कायम सलत राहिलं. मला त्यांची बाजू पटते. आज पोकरचे सॉल्व्हर चालतात ते याच रचनेच्या मशीनवर. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोघांचं लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवलं. त्या उत्तरातही ब्लफ आहेच, ठरलेल्या टक्क्यांत.

टेबलाबाहेर

इथपर्यंत हा माणूस मला आवडत होता. पुढचं वाचून थोडा थांबलो. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बच्या स्फोटरचनेचं अवघड गणित त्याचं. जपानमधली कोणती शहरं निवडायची त्या समितीतही तो होता. यादीत क्योटो वर होतं, ते युद्धमंत्री स्टिमसनने काढायला लावलं. रशियाने 1949 मध्ये स्वतःचा अणुबॉम्ब फोडल्यावर, आपणच आधी हल्ला करावा असं न्यूमन उघड सांगू लागला.

त्याचा खेळसिद्धांत वाचून हे सुचलं असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. त्याचं प्रमेय ज्या खेळासाठी आहे तिथे एकाचं नुकसान हाच दुसऱ्याचा फायदा. अणुयुद्धात दोघंही सगळं हरू शकतात. दोघांचं एकदम नुकसान होऊ शकेल अशा खेळांवर प्रिन्स्टनचाच विद्यार्थी जॉन नॅश 1949 च्या सुमारास काम करत होता. तो कल्पना घेऊन न्यूमनकडे गेला, तेव्हा ती त्याने किरकोळ म्हणून उडवून लावली. हंगेरीतून निघालेल्या, युरोप जळताना पाहिलेल्या माणसाची भीती इथे गणितापेक्षा मोठी झाली असावी, असं मला वाटतं.

1955 मध्ये त्याला कॅन्सर निघाला, तोवर तो हाडात पोचला होता. 1956 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून मेडल घ्यायला तो व्हीलचेअरवर आला. नंतरचे महिने वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये गेले. औषधाच्या गुंगीत तो गुपितं बोलून जाईल म्हणून खोलीत सैन्याची माणसं ठेवलेली. आयुष्यभर धर्माशी फारसा संबंध नसलेल्या माणसाने एका कॅथलिक पाद्रीला बोलावून घेतलं, आणि जवळच्या मित्रांना ते बघून धक्का बसला. मृत्यूची भीती त्याने काही लपवली नाही.

त्याच दिवसांत मुलगी मरीना भेटायला आली तेव्हा त्याने तिला एक काम सांगितलं: मला साध्या बेरजा घाल, अगदी एकआकडी. डोकं अजून चालतंय का हे त्याला तपासायचं होतं. तिने थोडा वेळ घातल्या. मग तिला बघवेना आणि ती खोलीबाहेर गेली. 8 फेब्रुवारी 1957 ला तो गेला, वय 53.